कॅन्सरवरचं पदव्युत्तर शिक्षण आणि ट्रान्सलेशनल मेडिसिन: मराठवाड्यातून नेहमी येणारे प्रश्न

मी मूळची कळंब तालुक्यातली. बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी केलं आणि आता कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये (उपचारांची रुग्णांवर होणारी चाचणी) कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. निकालांचा हंगाम आला की धाराशिव, लातूर, परभणी, नांदेडकडून फोन सुरू होतात: "ताई, कॅन्सरमध्ये मास्टर्स करायचंय, कुठं करू?" तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. प्रश्न विचारले गेले तसेच ठेवलेत.

'ट्रान्सलेशनल मेडिसिन' म्हणजे काय? भाषांतराचं काही असतं का?

हा प्रश्न खरंच येतो आणि तो वाटतो तितका चुकलेला नाही. प्रयोगशाळेत समजलेली गोष्ट रुग्णाच्या खाटेपर्यंत आणायची, आणि खाटेपाशी अडलेला प्रश्न परत प्रयोगशाळेत न्यायचा, अशी ही ने-आण आहे. तिचा तिसरा टप्पा बहुतेक जण विसरतात. दवाखान्यात सिद्ध झालेलं औषध किंवा तपासणी गावच्या उपकेंद्रापर्यंत पोचते का, हे पाहणंही त्यातच येतं.

याचं जगभर दिलं जाणारं एक उदाहरण आपल्याच अंगणातलं आहे. १९९९ साली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. काही गावांत हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, काहींत पॅप स्मियर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन तपासणं), काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, आणि काही गावांत नेहमीची आरोग्यसेवा तेवढी चालू राहिली. तपासणी आयुष्यात एकदाच, आणि पुढे आठ वर्षं पाठपुरावा. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गटांत तीस-पस्तीस हजार बायका होत्या, म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, तिच्यामागच्या भक्कम पुराव्यांत भूम-परंडा-कळंबच्या बायकांचा हा पुरावा आहे.

माझी मोठी आत्या व्हिनेगरच्या गटातली. ती अजून सांगते: शाळेची खोली, खिडकीला साडीचा पडदा, एक टॉर्च आणि आंबट वास. "काय लावायलाव बाई?" असं विचारल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "शिरका." लावून मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. आत्याला डाग नव्हता. आपण जगाच्या वैद्यकशास्त्रात मोजलो गेलो, हे तिला मी एमएस्सीला असताना सांगितलं. ती म्हणाली, "मग कळवलं का नाही कुणी?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

या अभ्यासावर टीकाही झाली. तपासणीचा फायदा होतो असा अंदाज असताना काही गावांना तपासणीविना का ठेवलं, हा आक्षेप होता. ज्याला या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय त्याने निकालही वाचावा आणि आक्षेपही वाचावा. मुलाखतीत विचारतात म्हणून नव्हे, उद्या गट पाडायची वेळ तुमच्यावर येईल म्हणून.

मी डॉक्टर नाही. बीएस्सी केलंय. मला कॅन्सरमध्ये काही करता येईल का?

येईल, पण 'कॅन्सरमध्ये मास्टर्स' असं एकच दार नसतं. आपल्याकडे बहुतेक मुलं आधी एमएस्सी करतात आणि कॅन्सर हा विषय पुढे पीएचडीत किंवा नोकरीत येतो.

जीवशास्त्राकडची मुलं बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा लाइफ सायन्सेसमध्ये एमएस्सी करतात. आपल्या भागात छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही दोन मुख्य ठिकाणं. देशपातळीवर जायचं असेल तर गॅट-बी ही बायोटेकच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्या. एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची परीक्षा, आणि मग पीएचडी. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन केंद्र. तिथली पीएचडी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, फरीदाबादला तर ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्सच्याच नावाची संस्था आहे.

फिजिक्सवाल्यांना मात्र कुणी काही सांगतच नाही, म्हणून इथे जरा थांबते. रेडिएशनचा डोस मोजणारा, मशिनची रोजची तपासणी करणारा मेडिकल फिजिसिस्ट हा फिजिक्सचा एमएस्सी असतो. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिऑलॉजिकल फिजिक्समधली पदविका करता येते. रेडिएशनचं युनिट मेडिकल फिजिसिस्टशिवाय चालवता येत नाही, हा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. बीएड करून शिक्षकभरतीची वाट पाहत बसलेले फिजिक्सचे किती एमएस्सी मला माहीत आहेत, आणि त्यातल्या एकानेही ही पदविका ऐकलेली नव्हती.

एमबीबीएस झालंय. कॅन्सरसाठी पुढे काय?

नीट-पीजी देऊन तीन वर्षांचं एमडी रेडिएशन ऑन्कॉलॉजी (कॅन्सरवरचे किरणोपचार) थेट करता येतं. केमोथेरपीकडे जायचं तर आधी एमडी मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्स (रेडिएशनचं एमडीही चालतं), मग नीट-एसएस आणि तीन वर्षांचं डीएम ही सुपरस्पेशालिटीची पदवी. शस्त्रक्रियेकडे जायचं तर एमएस जनरल सर्जरी आणि मग एमसीएच. पॅथॉलॉजीचं एमडी मुलं दुय्यम समजतात, त्यासारखी चूक नाही. गाठ कसली आहे हे पॅथॉलॉजिस्टने सांगितल्याशिवाय बाकी कुणालाच पाऊल उचलता येत नाही.

सरकारी जागा घेताना बंधपत्रित सेवेची अट माहितीपुस्तिकेत नीट वाचा. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून फॉर्म भरू नका.

नर्सिंग, फार्मसी, बीडीएस, बीएएमएस केलेल्यांचं काय?

नर्सिंगवाल्यांना एमएस्सी नर्सिंगमध्ये ऑन्कॉलॉजी हा विषय घेता येतो. केमोच्या वॉर्डात सुई शिरेबाहेर गेली तर कातडी जळते. ती वेळ ओळखणारा डोळा नर्सचा असतो, म्हणून अनुभवी ऑन्कॉलॉजी नर्सला कुठेही मागणी आहे. फार्मसीवाले औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींकडे आणि ट्रायलकडे वळतात.

बीडीएसवाल्यांनी तर स्वतःला कमी लेखूच नये. तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत आधी दिसतो तो दाताच्या खुर्चीत. ओरल पॅथॉलॉजी, ओरल मेडिसिन, ओरल सर्जरी, पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री, कुठलंही एमडीएस इथे उपयोगी पडतं. बीएएमएस, बीएचएमएस यांना डीएम-एमसीएचचा रस्ता नाही, हे स्पष्ट सांगते. क्लिनिकल रिसर्च किंवा पब्लिक हेल्थ हा त्यांचा रस्ता.

मराठवाड्यातच राहून शिकता येईल का?

डॉक्टरांना बऱ्यापैकी. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६चं, आणि त्याच्या जोडीला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आता ते राज्य कर्करोग संस्था म्हणून ओळखलं जातं. अंबाजोगाई, नांदेड, लातूरच्या शासकीय महाविद्यालयांत मेडिसिन, सर्जरी, पॅथॉलॉजीच्या पदव्युत्तर जागा आहेत. कुठल्या विषयाला यंदा किती जागा, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या यादीवरूनच बघा, दरवर्षी बदलतं.

विज्ञानाच्या मुलांना एमएस्सीपर्यंत इथे राहता येतं. पीएचडीला बहुधा बाहेर पडावं लागतं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात मोडतं खरं, पण धाराशिवचा माणूस तिला परकी मानत नाही. भारतातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथे सुरू झाली. एमएस्सीच्या सुट्टीत तिथल्या नोंदणीचं काम नुसतं बघून आलात तरी खूप कळेल.

सहा महिन्यांत 'क्लिनिकल रिसर्च डिप्लोमा, नोकरीची हमी' अशा जाहिराती येतात. करू का?

मी केला होता, म्हणून सांगते. नाव घेत नाही. वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून फी भरली. सहा महिने स्लाइड दाखवल्या. एकही रुग्ण, एकही संमतीपत्र, एकही नैतिकता समिती पाहिली नाही, आणि हमीची नोकरी निघाली ती फोनवर औषधं विकायची. पुढे खरी नोकरी लागली तेव्हा मुलाखतीत त्या प्रमाणपत्राबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं: "जीसीपी येतं का? रुग्णाशी मराठीत बोलता का?"

जीसीपी म्हणजे ट्रायल नीट चालवण्याचे आंतरराष्ट्रीय नियम. ते शिकवणारे छोटे अभ्यासक्रम फुकट किंवा अगदी थोड्या फीत मिळतात. त्याच्या जोडीला भारताचे २०१९चे नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम वाचा आणि ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही उघडून बघा. १५ जून २००९ पासून प्रत्येक ट्रायल तिथे नोंदवणं सक्तीचं आहे. एखाद्या संस्थेत खरोखर काय चालतं हे तिच्या जाहिरातीपेक्षा त्या नोंदवहीत लवकर कळतं. पूर्ण वेळ शिकायचंच असेल तर टाटा मेमोरियलकडे क्लिनिकल रिसर्चचा दोन वर्षांचा एमएस्सी आहे. तो आणि गल्लीतला डिप्लोमा यांची तुलनाच नको.

प्रत्यक्ष काम काय असतं? मायक्रोस्कोपच ना?

मायक्रोस्कोप कमी, डबे जास्त.

एक प्रसंग सांगते. एका तालुक्याच्या दवाखान्यातून स्तनाच्या गाठीचा तुकडा आला. रात्रीच्या एसटीने, रुग्णाच्या भावाच्या मांडीवर, प्लास्टिकच्या बरणीत. झाकण उघडलं तर आत फॉर्मलिन (तुकडा टिकवणारं रसायन) नव्हतं, सलाईन होतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्यांवर पुढचे सगळे उपचार ठरतात. त्यासाठी तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये जायला हवा, फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट हवं, आणि तो त्यात कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. बरणीवर वेळ नाही, तारीखही नाही. पेशी विरघळायला लागलेल्या. हर-टूचा निकाल लागेना. भाऊ म्हणाला, "मॅडम, मी बरणी सांडू दिली नाही ओ." त्याने खरंच सांडू दिली नव्हती.

हर-टूवर चालणारं औषध, ट्रास्टुझुमॅब, १९९८ साली बाजारात आलं. प्रयोगशाळेतून खाटेपर्यंतचा तो सगळा रस्ता एका बरणीशी येऊन अडला. त्यानंतर आम्ही शासनाला निवेदन वगैरे दिलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यांना भरलेल्या बरण्या पाठवल्या, वर मराठीत चिकटपट्टी: 'तुकडा काढल्याची वेळ: ____'. याला मी ट्रान्सलेशनल काम म्हणते. माझ्या गाईडने या वाक्यावर भुवया उंचावल्या होत्या, पण खोडलं नाही.

बाकीचा दिवस संमती घेण्यात, उणे ८० अंशांच्या फ्रीजरचं तापमान वहीत लिहिण्यात, आणि वीज गेली की जनरेटर चालू झाला का हे बघायला पळण्यात जातो.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजीचं कसं होणार?

शोधनिबंध इंग्रजीत वाचावे-लिहावे लागतात, त्याला इलाज नाही. रोज एक सारांश वाचा, सहा महिन्यांत भीती जाते. पण मराठी ही तुमची अडचण नाही, तुमची कमाई आहे. संमतीपत्रात 'यादृच्छिक विभागणी' असं छापलेलं असतं. जिंतूरकडच्या एका काकांना ते वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "म्हणजे आमच्यावर प्रयोग करता?" मग कागद बाजूला ठेवून सांगितलं: "काका, दोन औषधं आहेत. कुठलं जास्त चांगलं ते अजून कुणालाच माहीत नाही. तुम्हाला कुठलं मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, ना डॉक्टर ठरवत ना मी. नको वाटलं तर मधूनही सोडता येतं, उपचार थांबत नाहीत." काका घटकाभर गप्प बसले, मग म्हणाले, "अंगठा चालंल का?" चालतो, पण सोबत तटस्थ साक्षीदाराची सही लागते.

गाठीचा 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हा समज, रेडिएशनला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणणं, गर्भाशयाला 'पिशवी' म्हणणं, हे ज्याला कानाने ओळखता येतं त्याच्याकडे रुग्ण खरं बोलतात.

मराठवाड्याचा विषय घेऊन थीसिस होईल का, की सगळं मुंबईच्या नमुन्यांवर?

होईल, आणि व्हायलाच हवा. तीन गोष्टी सांगते, बाकीच्या तुम्हाला दिसतीलच.

एक, गुटखा. राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर पुडी मिळते. आमच्या ओपीडीत तोंड उघडायला सांगितलं की नीट असलेल्याची उभी तीन बोटं आत जातात. विशी-पंचविशीतल्या गुटखा खाणाऱ्या पोरांचं एक बोटही जात नाही. तोंडाच्या कॅन्सरवरचं काम भारतात झालंय आणि जगाने घेतलंय. गाठ लहान असतानाच मानेतल्या गाठीही काढाव्यात का, यावरचा टाटा मेमोरियलचा अभ्यास २०१५ साली आला: ५०० रुग्ण, मानेतल्या गाठी लगेच काढलेल्या गटात तीन वर्षांनी जिवंत ८० टक्के, तर वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. त्यात नवं औषध नाही, नवं मशिन नाही. २०२३ साली तिथल्याच डॉक्टरांनी निव्होलुमॅब या महागड्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, म्हणजे नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, गोळ्यांच्या केमोबरोबर देऊन पाहिला. मधलं आयुर्मान (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो) ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. जवळपास साडेतीन महिने थोडे वाटतात? ज्याच्या पोरीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय त्याला विचारा.

दोन, आकडे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२०च्या अहवालात उस्मानाबाद-बीडचा पुरुषांमधला नव्या कॅन्सरचा दर देशात सगळ्यांत कमी होता, लाखामागे ३९.५. मिझोरामच्या ऐजॉलला तोच २६९.४. आपल्याकडे कॅन्सर खरंच कमी, की निदानच कमी होतं? की माणूस सोलापूर, हैदराबाद, पुण्याला जाऊन तिथलाच होतो? नोंदणीवाले बाहेरच्या दवाखान्यांतूनही नोंदी गोळा करतात, तरी प्रश्न उरतो. एमपीएच (पब्लिक हेल्थमधलं मास्टर्स) किंवा एपिडेमिऑलॉजी (रोग कुठं, कुणाला, किती होतो याचं शास्त्र) करणाऱ्याला यावर एक अख्खा थीसिस आहे.

तीन, ऊसतोड. ट्रायलच्या भेटी ठरवणारे लोक शहरात बसून 'दर सहा आठवड्यांनी' असं लिहितात. बीडची ऊसतोड कामगार बाई दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गाडीत बसते ती गुढीपाडव्याच्या आसपास परतते. तिच्या नावापुढे 'पाठपुराव्यातून गळाली' असा शेरा बसतो. ती कुठेही गळालेली नसते, ती कारखान्यावर असते. तिथे तपासणी नेता येते का, हा प्रश्न विचारायला बीडचाच विद्यार्थी लागेल असं मला वाटतं.

पैसे किती मिळतात?

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं भत्ता. पीएचडीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या वेळेवर येतीलच असं धरून हॉस्टेलचं गणित मांडू नका, हातात तीन-चार महिन्यांची सोय ठेवा.

परदेशात एक वर्षाचं मास्टर्स करावं का?

ब्रिटनमध्ये कॅन्सर आणि ट्रान्सलेशनल मेडिसिनच्या नावाने एक वर्षाचे एमएस्सी आहेत, डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश मिळतो. आधी हे नीट समजून घ्या: त्याने कुणाला तिथे रुग्ण तपासायचा परवाना मिळत नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर बिनधास्त जा. शेत गहाण ठेवून नको. चेव्हनिंग या ब्रिटन सरकारच्या शिष्यवृत्तीला साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव मागतात, म्हणून आधी इथे दोन वर्षं काम करा. अर्जातही लिहायला काहीतरी होईल.

नवं, भारी असं काही भारतात होतं का?

होतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडतात. त्या प्रयोगशाळांत एमएस्सीवालेच काम करतात.

घरचे विचारतात, कॅन्सर लागतो का? आणि रेडिएशनचं काय?

कॅन्सर शिवल्याने लागत नाही. एचपीव्हीसारखा विषाणू पसरतो, पण तो दवाखान्यात खाट लावताना नाही. रेडिएशन विभागात काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो, तो मिळालेला डोस मोजतो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. नीट चालणाऱ्या विभागात आकडा त्याच्या खूप खाली राहतो.

हे सगळं मी घरी अनेकदा सांगितलंय. तरी मी गावी गेले की आई अजून उंबऱ्यातच थांबवते, आधी न्हाणीत पाठवते आणि माझी बॅग दोन दिवस ओसरीवर ठेवते. फ्रीजरपेक्षा ते सोपं आहे, म्हणून मी वाद घालत नाही.